मॅटाडोरच्या मागावर: गोरेगाव, आकुर्डी, कुर्ला

मामा लालबागचा. आयुष्यभर मॅटाडोर चालवली त्याने, म्हणजे बजाज टेंपो कंपनीची मालाची चारचाकी, आधी शेठची आणि मग स्वतःची. पेणहून गणपती आणायचे, भायखळ्याहून भाजी उचलायची, लग्नसराईत आख्खी वाडी भरून देवरुखला सोडायची, सगळं त्याच गाडीवर. आता गाडी नाही पण गाडीबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. म्हणून मीच म्हटलं की मामा, ही गाडी जिथे जिथे बनली ना ते सगळं आपण एकदा बघून येऊ. श्रावण चालू होता, पाऊस होता, तो म्हणाला चल बाय.

शनिवार, गोरेगाव

मॅटाडोर म्हटलं की सगळे पुण्याचं नाव घेतात पण बजाज टेंपो कंपनीची सुरुवात मुंबईत झाली हे फार लोकांना माहीतच नाही. १९५८ साली गोरेगावात. नगरचे नवलमल फिरोदिया, वकील माणूस, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, त्यांनी जर्मनीच्या व्हिडाल अँड झोन या कंपनीशी करार केला. त्यांचा टेंपो ब्रँडचा कारखाना हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात होता. तिथली हान्सिएट नावाची तीनचाकी गोरेगावात बनायला लागली. पुढे एकच चाक, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन जेमतेम ४०० सीसीचं, आणि ते इंजिन त्या पुढच्या चाकालाच चेनने फिरवणार. मागच्या दोन चाकांना काही कामच नाही, त्यांनी फक्त माल वाहायचा.

मामाने ती पण चालवलीय, शिकाऊ असताना. तो सांगत होता की रिकामी गाडी जोरात वळवली की एका बाजूला कलायची, म्हणून क्लीनरला उलट्या बाजूला बसवायचे.

आम्ही सकाळी लोकलने उतरलो तेव्हा धो धो पाऊस. पश्चिमेला एस. व्ही. रोडने थोडं चाललो मग पुलावरून पूर्वेला आलो, सोनावाला रोडच्या बाजूला अजून जुन्या औद्योगिक वसाहतींचे गाळे आहेत, शटर अर्धं वर, आत लेथ चालू, बाहेर लोखंडाच्या किसाचा वास. बाकी सगळीकडे टॉवर आणि टॉवरच्या जाहिराती. टेंपोच्या कारखान्याची साधी पाटीसुद्धा कुठे दिसली नाही आणि मला ते खरंच लागलं. ज्या गाडीवर महाराष्ट्रातल्या निम्म्या बाजारपेठा चालल्या त्या कंपनीचा जन्म इथे झाला, चौकात एक दगड लावायला किती खर्च येतो हो?

चहाला थांबलो तिथे टपरीवाल्याने एका बैठ्या चाळीतल्या आजोबांकडे पाठवलं. वय नव्वदीला टेकलेलं पण आवाज खणखणीत. त्यांना नव्या तीनचाक्या रांगेने बाहेर पडायच्या ते आठवतं. म्हणाले, "मागे हौदा नसायचा, नुसता सांगाडा. ड्रायव्हर डोक्याला फडकं बांधून चालवायचा. पोरं मागे धावायची, धुराचा वास आम्हाला फार आवडायचा." मग मामा आणि ते दोघं टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलला ऑइल किती टाकायचं यावर अर्धा तास बोलत बसले. मी आजींनी दिलेली कांदाभजी खात फोनवर सगळं रेकॉर्ड केलं.

टीप: पावसात गोरेगावला फिरायचं असेल तर सबवेच्या भानगडीत पडू नका, पाणी भरतं, पादचारी पूल बरा. आणि स्टेशनजवळच्या मालवणी खाणावळींमध्ये सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळते. श्रावण पाळणाऱ्यांची पण सोय होते आणि पोट असं भरतं की दुपारचं जेवण नाही लागत.

आता मोठी गाडी कुठून आली ते सांगते कारण पुढच्या दिवसाचं सगळं त्याच्यावर आहे. मॅटाडोर हे नाव हारबुर्गचंच. १९४९ ला तिथे या नावाची व्हॅन निघाली, तिच्यात फोक्सवॅगनचं इंजिन होतं. काही वर्षांतच फोक्सवॅगनने इंजिन द्यायचं बंद केलं आणि टेंपोवाल्यांना दुसरी इंजिनं शोधावी लागली. साठच्या दशकात नव्या घडणीची मॅटाडोर आली, तोपर्यंत कंपनीत हानोमाग या दुसऱ्या जर्मन कंपनीने शिरकाव केला होता, पुढे कारखाना पूर्ण हानोमागचा झाला, मग हानोमाग-हेन्शेल, आणि सत्तरच्या सुरुवातीला सगळं डेमलर-बेंझकडे, म्हणजे मर्सिडीजवाल्यांकडे. गाडी साधारण तीच राहिली पण तोंडावरची पाटी बदलत गेली, शेवटी तर तिच्यावर मर्सिडीजचा तारा लागला आणि नाव झालं एल २०६ डी, एल ३०६ डी. मामाला हे सांगितलं तर तो क्षणभर बघतच राहिला. म्हणजे मी मर्सिडीज चालवत होतो? म्हटलं हो, बहीणच ती.

रविवार, आकुर्डी

पहाटे दादरहून इंद्रायणी पकडली. लोणावळ्याला उतरून पुढे पुणे लोकल, आकुर्डी स्टेशनला उतरायचं. बुकिंग आधी केलेलं त्यामुळे काही त्रास नाही.

कर्जतला वडा घेतलाच. तिथे घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, तो धक्का बसला आणि मामा एकदम खुलला. म्हणाला बघ, रेल्वेला पण घाटात मागून ढकलायला लागतं, आणि आमची मॅटाडोर पुढच्या चाकांनी ओढायची. मग त्याने जे समजावलं ते मला आजवर कुठे वाचायला मिळालं नव्हतं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, चालणारी चाकं पण पुढचीच, म्हणजे खालून मागे जाणारा लांबलचक दांडा नाही. दांडा नाही म्हणून तळ खाली घेता येतो. मागचा फाळका उघडला की हौदा गुडघ्याच्या जरा वर. पेणला चार फुटी गणपती उचलायचा तर दोघं जण पाटासकट नुसता सरकवायचे, छातीपर्यंत न्यावा लागायचा नाही, त्यामुळे बोटं सोंडा मोडायची भीती कमी. मूर्तिकार स्वतः विचारायचे म्हणे, मॅटाडोर आणलीय ना, का ट्रक?

पण तोच गुण घाटात नडायचा. माल सगळा मागे भरला की चढावर पुढची चाकं हलकी होतात, त्यात पाऊस, मग जुन्या खोपोली घाटात अमृतांजन पुलाच्या अलीकडे चाकं जागच्या जागी फिरायला लागायची. त्यावर उपाय म्हणजे जड माल ड्रायव्हरच्या पाठीला चिकटून ठेवायचा, बटाट्याच्या गोणी पुढे आणि कोथिंबीर मागे. तो पूल १८३० चा होता, २०२० मध्ये पाडला. खिडकीतून मामा तो कुठे होता ते शोधत राहिला पण ढग इतके उतरले होते की मंकी हिलला तर शेजारचा रूळ पण दिसेना, नुसते धबधबे ऐकू येत होते.

आकुर्डी स्टेशनवरून रिक्षाने खंडोबा माळ. तुकोबांच्या पालखीचा देहूनंतरचा पहिला मुक्काम आकुर्डीचा, तिथल्या विठ्ठल मंदिरात आधी नमस्कार केला. मग जुन्या मुंबई-पुणे हायवेवर कंपनीची भिंत. आता नाव फोर्स मोटर्स, २००५ पासून. आत जायची आमची काही परवानगी नव्हती आणि तसं ठरवलंही नव्हतं, आम्हाला फक्त ती जागा बघायची होती आणि कोणी जुना माणूस भेटला तर बोलायचं होतं.

गोरेगावची जागा कमी पडत गेली असणार हे उघड आहे. त्याच काळात, १९६२ ला, एमआयडीसी स्थापन झाली, सरकारलाच कारखाने मुंबईबाहेर हवे होते आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर जमीन होती, पाणी होतं, हायवे होता, रेल्वे होती. १९६४ ला व्हायकिंग नावाची चारचाकी आली आणि १९६९ ला मॅटाडोर. या पट्ट्याने किती खेडेगावांतल्या पोरांना फिटर, वेल्डर, टर्नर केलं त्याचा हिशेबच नाही.

माणूस भेटला तो चहाच्या टपरीवर. बॉडी शॉपमधून रिटायर झालेले काका, मूळचे खेड तालुक्यातले, डोक्यावर टोपी आणि हातात पिशवीत श्रावण घेवडा. मामाने मॅटाडोर म्हटल्याबरोबर पिशवी बाजूला ठेवली. त्यांचं काम दारं बसवायचं. पत्रे प्रेस होऊन यायचे, जिगमध्ये घट्ट पकडायचे, गन घेऊन ठिपक्या-ठिपक्याने वेल्डिंग, मग दारं, मग रंगाला पाठवायचं. "पत्र्याला खड्डा आहे का ते डोळ्याला नाही कळत ताई, हाताला कळतं," म्हणाले. समोर याच कंपनीची एक ट्रॅव्हलर व्हॅन उभी होती, शाळेची. त्यांनी खिशातला रुमाल तळव्यावर पसरला आणि दाराच्या पत्र्यावरून हात हळूहळू आडवा फिरवला, खालच्या कोपऱ्यात थांबले, परत मागे घेतला. म्हणाले इथे लांबी (खड्डा बुजवायची पुटी) भरलीय, गाडी कुठेतरी घासलेली आहे. ड्रायव्हर बाहेर येऊन बघतच राहिला, मार्चमध्ये खरंच घासली होती. सुती हातमोजा किंवा कापड असलं की हात सरकतो आणि बारीकसा उंचवटा पण लागतो, हे त्यांनी मला करायला लावलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, तिसऱ्यांदा कळलं!

त्यांनीच सांगितलं की एकाच सांगाड्यावर पिकअप निघायची, बंद डिलिव्हरी व्हॅन निघायची, मिनीबस निघायची, अँब्युलन्स निघायची. ऑर्डर बघून खिडक्यांचा पत्रा बदलायचा. मिनीबसच्या खिडक्यांना वेळ जास्त, पिकअप पटकन.

आणि मग ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा प्रवास केला ती गोष्ट. हारबुर्गमध्ये या व्हॅनचं उत्पादन १९७७ ला बंद झालं. मर्सिडीजने ब्रेमेनला नवी व्हॅन काढली आणि जुनी संपवली. त्या कारखान्यात आता अ‍ॅक्सल आणि सुटे भाग बनतात. तिथे गाडी इतिहासजमा झाली तेव्हा आपल्याकडे मामाच्या हातात अजून गाडी आलीही नव्हती. आकुर्डीत ती पुढे नव्वदच्या दशकातही बनत होती. ऐंशीच्या दशकात कंपनीने मर्सिडीजकडून ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन घेतलं, जे त्यांच्या २४० डी कारमध्ये असायचं, आणि ते भारतात बनवायला लागले. नंतर १९८७ ला ट्रॅव्हलर आली मध्य प्रदेशात पिथमपूरच्या कारखान्यातून, ती ब्रेमेनच्याच त्या नव्या व्हॅनवरून. आता बघा, ती व्हॅन पण जर्मनीत १९९५ ला संपली, तिच्या जागी स्प्रिंटर आली. आपल्याकडे ट्रॅव्हलर आजही बनतेय. शिर्डीला जाणारी, १०८ नंबरवर येणारी, ऑफिसच्या पोरींना रात्री घरी सोडणारी.

लोक याला जुनाट म्हणतात, जर्मनीचं टाकलेलं आपण उचललं म्हणतात. मला अजिबात पटत नाही. काकांसारख्या माणसांनी तीस-तीस वर्षं ती गाडी हाताने घडवली, इंजिन बदललं, तोंड बदललं, आपल्या मालाला आणि आपल्या रस्त्यांना जमेल अशी केली. जिथे जन्मली तिथल्यापेक्षा जास्त आयुष्य तिला इथे मिळालं ते या लोकांमुळे मिळालं.

काकांनी जेवायला घरीच नेलं, नाही म्हणून चाललंच नाही. काकूंनी ज्वारीची भाकरी, पिठलं, लसणीचा ठेचा आणि तोच श्रावण घेवडा केला होता. मामाने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

टीप: लोणावळा-पुणे लोकलला दुपारी मोठा गॅप असतो, वेळापत्रक बघूनच निघा नाहीतर स्टेशनवर बसावं लागतं. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही, त्यामुळे शिफ्ट सुटताना कंपनीच्या बसची रांग बघायची असेल तर गुरुवार सोडून जा. गेटवर फोटो काढू नका, सिक्युरिटीवाल्यांना उगाच त्रास, रस्त्याच्या पलीकडून काढा.

सोमवार, कुर्ला

श्रावणी सोमवार, मामाचा उपवास. साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊनच निघालो.

कुर्ल्याला यायचं कारण म्हणजे मुंबईतली मोटारीची दुसरी मोठी गोष्ट इथे घडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ ला कुर्ल्यात क्रायस्लरच्या मदतीने डॉज, प्लिमथ आणि फार्गो गाड्यांची जुळणी सुरू झाली. नंतर फियाट ११००, मग तीच पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. २००० च्या आसपास पद्मिनी बनायची थांबली, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ ला नोंदवलेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या दिवशी पेपरात केवढं आलं होतं. मॅटाडोर गेली तेव्हा एक ओळ आली नाही, हे मामाचं म्हणणं, आणि खरंय ते. टॅक्सीत सगळेच बसतात, मालाच्या गाडीत फक्त माल आणि हमाल.

कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी आहे. आम्ही आतून एक चक्कर मारली, स्वच्छ रस्ते, झाडं, ऑफिसवाली मंडळी आयकार्ड लावून. तिथे फार थांबलो नाही.

खरा दिवस गेला तो सीएसटी रोडला, जुन्या पार्टच्या गल्ल्यांमध्ये. डावीकडे दरवाजेच दरवाजे, उजवीकडे स्टिअरिंग टांगलेले, खाली चिखल आणि काळं ऑइल एक झालेलं, चप्पल घालून जाऊ नका ही आजची टीप. मामाचे जुने ओळखीचे मिस्त्री तिथे अजून गॅरेज चालवतात, रत्नागिरीकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मामाला बघून त्यांनी मिठीच मारली, हात ग्रीसने भरलेले ते विसरून.

गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मॅटाडोर. निळा रंग उडालेला, टपावरचं कॅरिअर गंजलेलं, नंबर प्लेट नाही. चाचांनी ती पार्टसाठी ठेवली होती पण तोडवत नाही म्हणाले. मामा न बोलता ड्रायव्हरच्या बाजूने चढला. इंजिन आत केबिनमध्येच, सीटच्या शेजारी झाकणाखाली, उन्हाळ्यात डावा पाय भाजायचा आणि पावसाळ्यात त्याच झाकणावर ओले मोजे आणि भाकऱ्या गरम करायचे. त्याने झाकण उघडलं, थंड डिझेल इंजिन चालू करायला लागणाऱ्या हीटर प्लगच्या वायरी बोटाने मोजल्या, चारपैकी तीन जागेवर. मग म्हणाला स्टिअरिंग पूर्ण वळव आणि गाडी ढकल. चाचांच्या दोन पोरांनी ढकलली आणि पुढच्या चाकातून आवाज यायला लागला, कट्, कट्, कट्.

"जॉइंट गेलाय," मामा आणि चाचा एकदमच म्हणाले.

पुढची चाकं वळणार पण आणि ओढणार पण, म्हणून अ‍ॅक्सलच्या टोकाला जॉइंट लागतो, आणि त्याच्यावरचं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटलं की चिखल आत जाऊन जॉइंट खातो. मामा दर पावसाळ्याआधी ते बूट बदलायचा. आळशी ड्रायव्हर बदलायचे नाहीत आणि मग गणपतीच्या तोंडावर पेण फाट्यावर अडकायचे. प्रदूषणाचे नियम कडक व्हायला लागले तेव्हा मामाने आपली गाडी विकली, चाचांच्याच ओळखीने, सांगलीकडे एका भाजीवाल्याला. चाचा म्हणाले बरीच वर्षं ती तिकडे चालली, फोन यायचे पार्टसाठी. हे मामाला माहीत नव्हतं, त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

चाचांकडे ओएम ६१६ चं एक इंजिन उघडून ठेवलेलं होतं, बोअरिंग करून आलेलं, सिलिंडर आतून चकचकीत. ते कोणत्या मॅटाडोरचं नव्हतं, त्याच कंपनीच्या ट्रॅक्स जीपचं होतं. चाचांचं म्हणणं हे इंजिन नीट ऑइल घातलं तर माणसाच्या आधी मरत नाही. त्यांच्याकडे जुन्या मर्सिडीजवाले पण येतात, काही पार्ट ह्याचेच चालतात म्हणून, सूट-बुटातली माणसं चिखलात उभी राहून पिस्टन रिंग घेतात. चाचांनी बिर्याणी मागवायची म्हटलं, मामाचा उपवास कळल्यावर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू मागवले आणि स्वतः पण तेच खाल्लं.

टीप: पार्ट घ्यायचा असेल तर जुना तुटलेला पार्ट सोबत घेऊन जा, तोंडी वर्णनावर चुकीचा गळ्यात पडतो. कुर्ला स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते पण संध्याकाळी उलट येताना ट्रॅफिक भयंकर, चालत लवकर पोचाल.

निघताना चाचांनी मामाला विचारलं की ही निळी उभी करायची का परत, रस्त्यावर नाही नेता येणार पण चालू तरी करू. जॉइंट त्यांच्याकडे एक आहे, हीटर प्लग मिळेल, पंप मात्र उघडावा लागेल. मामाने लगेच हो म्हटलं, आता दर रविवारी तो कुर्ल्याला जातो आणि मामी माझ्यावर चिडलेली आहे.

राहिलं पिथमपूर. ते दिवाळीनंतर, अवंतिका एक्सप्रेसने इंदूर आणि तिथून पुढे बसने. आकुर्डीचे काका पण येतो म्हणालेत, त्यांचे काही जोडीदार तिकडे बदलीवर गेले ते तिथेच स्थायिक झालेत, त्यांच्याकडे उतरू म्हणाले. मामाची एकच अट आहे, खालची बर्थ काढायची.